दत्ता सामंत: डॉक्टर, आमदार, आणि 'प्रतिनिधी' कोण हा प्रश्न



पेट देऊन सिनॉप्सिसच्या तयारीला लागलेल्यांचा एक नेहमीचा प्रश्न असतो: एखाद्या व्यक्तीवर पीएचडी करता येते का? येते की. पण 'अमुक यांचे जीवन व कार्य' एवढ्याच शीर्षकावर समितीसमोर गेलात तर पहिला सवाल येणार, "मग यात संशोधन कुठंय?" आणि तो सवाल रास्त आहे. जीवन व कार्य हा विषय झाला, प्रश्न अजून पडलेला नाही. आज एका माणसाचं आयुष्य घेऊन विषयातून प्रश्न कसा काढायचा, ते बघू.

माणूस निवडलाय डॉक्टरकी सोडून राजकारणात आलेला. असे आमदार आपल्याला नवे नाहीत. हुपरी ज्या हातकणंगले तालुक्यात आहे, त्याच नावाच्या मतदारसंघातून २००९ आणि २०१४ अशा दोन निवडणुका डॉ. सुजित मिणचेकर शिवसेनेकडून जिंकले होते. राज्यात कुठल्याही विधानसभेची यादी काढा, पाच-दहा नावांपुढे 'डॉ.' दिसतंच. आणि डॉक्टर आमदार झाला की आपल्याकडे त्याची कथाही तयार असते. गावात दवाखाना टाकला, गोरगरिबांना कमी पैशात तपासलं, लोकांचं प्रेम मिळालं, लोकांनीच उभं केलं, निवडून आले. गौरव अंकात ही कथा शोभते. संशोधनात मात्र ती दोन ठिकाणी अडते. एक, तसाच दवाखाना चालवणारे बाकीचे शेकडो डॉक्टर राजकारणात का आले नाहीत, याचं उत्तर तिच्यात नसतं. दोन, कथा निकालाच्या दिवशी गुलाल उधळून संपते. पुढं त्या आमदारकीनं काय साधलं आणि काय साधलं नाही, हे सांगायला ती थांबत नाही.

म्हणून उदाहरण असं घेऊ, ज्याला ही कथा पुरतच नाही: डॉ. दत्ता सामंत. आपण त्यांना ओळखतो ते १९८२ च्या गिरणी संपाचे नेते म्हणून. ते एमबीबीएस होते हे बऱ्याच जणांना माहीत असतं, आमदार होते हे त्याहून कमी जणांना.

परळचं कॉलेज आणि दोन वाटा

सामंतांचा जन्म १९३२ चा, मालवण तालुक्यातल्या देवबागचा. वैद्यकीय शिक्षण मुंबईत, परळच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात. केईएम हॉस्पिटल याच कॉलेजला जोडलेलं. आता परळ म्हणजे काय, हे नकाशावर बघा. लालबाग, परळ, भायखळा, वरळी, लोअर परळ हा सगळा गिरणगाव. केईएमच्या आजूबाजूला गिरण्यांची धुराडी आणि कामगारांच्या चाळी. तिथं शिकणाऱ्या मुलाच्या वॉर्डात येणारा पेशंट बहुतेक वेळा याच वस्तीतला असणार, हे वेगळं सांगायला नको.

याच कॉलेजशी जोडलेलं दुसरं एक नाव आहे, डॉ. जीवराज मेहता. संस्था उभी राहत असताना ते तिथले डीन होते. पुढं काँग्रेसच्या राजकारणात आले, मुंबई राज्यात मंत्री झाले आणि १९६० साली गुजरात वेगळं झाल्यावर त्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांच्या आधी, १९३७ च्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात डॉ. मंचेरशा गिल्डर हे नावाजलेले डॉक्टर आरोग्यमंत्री होते. या दोघांची वाट सरळ दिसते: मोठं नाव, मोठी संस्था, राष्ट्रीय चळवळ, मग मंत्रिपद. डॉक्टर म्हणून मिळालेली प्रतिष्ठा त्यांना वर घेऊन गेली.

सामंतांची वाट खालच्या बाजूनं जाते. त्यांनी घाटकोपरच्या पंतनगरात जनरल प्रॅक्टिस सुरू केली. त्या भागात दगडाच्या खाणी होत्या आणि येणारे पेशंट खाणीत, कारखान्यात राबणारे. म्हणजे एकाच कॉलेजातून दोन प्रकारचे डॉक्टर-पुढारी निघालेले दिसतात. तुलना अशी शेजारी ठेवली की पहिला उपयोगी प्रश्न पडतो: डॉक्टरला राजकारणात नेमकं काय घेऊन जातं, पदवी की पेशंट?

दवाखाना ते युनियन

खाणीतला कामगार खोकत आला की डॉक्टर काय करणार? औषध देणार. तो बरा होऊन परत त्याच धुळीत जाणार आणि परत खोकत येणार. मजुरी एवढीच की सांगितलेलं खाणं परवडत नाही. विश्रांती सांगावी तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. दगड अंगावर पडून हात मोडला तर भरपाई कुणाकडं मागायची, तेही माहीत नाही. इथं डॉक्टरकडं दोन रस्ते उरतात. एक, चिठ्ठी लिहून पुढचा पेशंट बोलवायचा. दुसरा, खाणमालकाकडं जायचं. सामंत दुसऱ्या रस्त्यानं गेले. १९६० च्या दशकात त्यांनी खाण कामगारांची संघटना बांधली, मग घाटकोपर, विक्रोळी, ठाणे या पट्ट्यातल्या कारखान्यांमध्ये त्यांचं नाव झालं.

जगाच्या इतिहासात याला एक जुना दाखला आहे. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरशो याला १८४८ साली प्रशियाच्या सरकारनं अप्पर सायलेशियात पाठवलं, तिथल्या तापाच्या साथीची पाहणी करायला. त्यानं अहवालात औषधांची यादी देण्यापेक्षा शिक्षण, लोकशाही, रस्ते, शेतीसुधारणा आणि लोकांची स्वतःची भाषा या गोष्टी मागितल्या. पुढं तो प्रशियाच्या विधिमंडळात निवडून गेला आणि तिथं अनेक वर्षं बसला. फिरशो साथ बघून राजकारणाकडं आला, सामंत रोजची ओपीडी बघून. पण फरकही लक्षात घ्या. फिरशोनं आपलं निदान लेखी मांडलं आणि सरकारला दिलं. सामंतांनी ते थेट मागणीपत्रात उतरवलं.

त्या मागणीपत्राची पद्धतही वेगळी होती. तेव्हाचे बरेच कामगार नेते कंपनीचा ताळेबंद बघून, नफ्याच्या हिशेबानं पगारवाढ मागायचे. सामंत ताळेबंदात अडकत नसत, अशी त्यांची ख्याती होती. घर चालवायला एवढे लागतात, तेवढे द्या. कारखानदारांना हे अडाणीपणाचं वाटायचं, कामगारांना सरळ. दवाखान्यातही डॉक्टर आधी विचारतो, दुखतंय कुठं. तुझ्या मालकाला परवडतं का, हे विचारत नाही. कामगार त्यांना शेवटपर्यंत 'डॉक्टर' म्हणूनच हाक मारत. युनियन त्यांनी चालवली, पण नातं दवाखान्यातलंच राहिलं.

आमदारकीत काय झालं

१९७२ च्या निवडणुकीत सामंत काँग्रेसच्या तिकिटावर महाराष्ट्र विधानसभेत गेले. पुढं 'सरकारच्या विरोधातला माणूस' म्हणून ओळखला गेलेला नेता त्या वेळी सत्ताधारी बाकावर होता. १९७५ साली आणीबाणी आली आणि काँग्रेसशी संबंध असूनही त्यांना अटक झाली. १९७७ साली ते बाहेर आले, तेव्हा त्यांचं वजन आधीपेक्षा वाढलेलं होतं.

चरित्र लिहिणारे हा टप्पा दोन वाक्यांत उरकतात. आपण इथंच थांबायचं, कारण आमदार हा कायदा करणारा माणूस असतो आणि सामंतांची सगळी लढाई शेवटी एका कायद्यावर येऊन थांबली.

तो कायदा म्हणजे मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६. गुलझारीलाल नंदा तेव्हा मुंबई प्रांताचे कामगारमंत्री होते. बोलीत हा बीआयआर कायदा. यात एका भागातल्या एका उद्योगासाठी एकच 'प्रातिनिधिक युनियन' असते. मालकाशी बोलणी करायची तर तिनंच, करार करायचा तर तिनंच. तो करार सगळ्या कामगारांना लागू, तिचे सभासद नसलेल्यांनाही. आणि हा मान कुणाला द्यायचा, हे कामगारांच्या गुप्त मतदानानं ठरत नाही. रजिस्ट्रार सभासदांची नोंद तपासून ठरवतो. मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये हा मान इंटकशी जोडलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडं होता. इंटक म्हणजे काँग्रेसच्या गोटातली कामगार संघटना.

इंजिनीअरिंग कारखान्यांची गोष्ट निराळी. तिथं बीआयआर कायदा नव्हता. युनियनला मान्यता देण्याचा राज्याचा वेगळा कायदा १९७१ चा. त्यामुळं तिथं सामंतांना शिरायला वाट होती, गिरणीत नव्हती. सामंतांचं यश इंजिनीअरिंगमध्ये आणि अपयश कापडात का, याचं उत्तर स्वभावात शोधण्याआधी कायद्यात शोधा. हा धडा कुठल्याही चरित्राला लागू पडतो.

एक शब्द, तीन अर्थ

आता आपल्या कामाचा शब्द सापडला: प्रतिनिधी. सामंतांच्या आयुष्यात त्याचे तीन अर्थ एकमेकांवर आदळताना दिसतात.

पहिला अर्थ विश्वासाचा. पेशंट डॉक्टरकडं येतो तसा कामगार आपणहून येतो आणि म्हणतो, माझं तुम्ही बघा. दुसरा मताचा. मतदार निवडून देतो आणि माणूस आमदार किंवा खासदार होतो. तिसरा कायद्याचा. रजिस्ट्रारच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कामगारांच्या वतीनं बोलणार.

सामंतांकडं पहिले दोन होते. तिसरा कधीच आला नाही.

१९८१ च्या दिवाळीत गिरण्यांमध्ये बोनसवरून असंतोष पेटला. मजदूर संघानं केलेला करार अनेकांना मान्य नव्हता. कामगार मोर्चानं सामंतांकडं गेले आणि नेतृत्व करा म्हणाले. आधी एम्पायर डाइंगमध्ये सामंतांनी मिळवून दिलेली वाढ त्यांच्या डोळ्यांसमोर होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. साठहून अधिक गिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार. मागण्या पगारवाढीच्या होत्या, बदली कामगारांना कायम करण्याच्या होत्या, आणि बीआयआर कायदा काढून टाकून मजदूर संघाची मक्तेदारी संपवण्याचीही होती.

शेवटची मागणी नीट वाचा. पगारवाढीवर मालक तडजोड करू शकतो. कायदा बदलणं त्याच्या हातात नसतं, ते विधिमंडळाच्या हातात असतं. म्हणजे संप गिरणीच्या दारात चालू होता आणि त्यातल्या एका मोठ्या मागणीचं उत्तर विधानभवनात होतं. मालक आणि सरकार दोघांकडंही एक तयार वाक्य होतं: सामंतांची युनियन मान्यताप्राप्त नाही, तेव्हा बोलायचं कुणाशी? अडीच लाख माणसं रस्त्यावर आणि कागदोपत्री त्यांचा प्रतिनिधी भलताच कुणीतरी, अशी ती अवस्था.

संप वर्षभराहून जास्त रेटला गेला. कामगारांची कुटुंबं गावाकडं परतली, कोकणात आणि घाटावर सातारा, सांगली, कोल्हापूरकडं. संप औपचारिकरीत्या मागे घेतलाच गेला नाही. तो हळूहळू विरत गेला. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारनं मुंबईतल्या १३ गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. हजारो लोकांना परत कामावर घेतलं गेलं नाही. काही अंदाजांप्रमाणे हा आकडा लाखावर जातो.

आणि मग १९८४. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची लोकसभा निवडणूक. काँग्रेसला देशात चारशेहून जास्त जागा मिळाल्या. त्या लाटेत मुंबई दक्षिण मध्य या कामगारवस्तीच्या मतदारसंघातून सामंत काँग्रेसच्या विरोधात अपक्ष निवडून आले. संप हरलेला नेता, ज्याच्या मागं गेल्यानं नोकऱ्या गेल्या, त्याच्यावरच लोकांनी शिक्का मारला. तरी गिरणीतला 'प्रातिनिधिक' दर्जा मजदूर संघाकडंच राहिला. देशाच्या संसदेत बोलायला चालणारा प्रतिनिधी गिरणीच्या ऑफिसात बोलायला चालत नव्हता. माझ्या मते सामंतांच्या चरित्राचा कणा इथं आहे.

दोष कुणाचा, हे विचारताना

सामंतांवर दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. एकात ते कामगारांचे देव, दुसऱ्यात त्यांनी गिरण्या बुडवल्या. संशोधकानं दोन्ही मतं पुरावा म्हणून नोंदवायची, निष्कर्ष म्हणून उचलायची नाहीत.

'संपानं गिरण्या बुडाल्या' या वाक्यात किती धागे आहेत बघा. बऱ्याच गिरण्यांची यंत्रं संपाआधीच जुनाट झाली होती. कापडाचं उत्पादन यंत्रमागांकडं सरकायला संपाआधीच सुरुवात झाली होती आणि संपाच्या काळात मालकांनी भिवंडीसारख्या ठिकाणांहून कापड विणून घेतलं. पुढं गिरण्यांच्या जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि १९९१ च्या विकास नियमावलीनं ती जमीन दुसऱ्या कामाला वापरायची वाट करून दिली. संपानं या सगळ्याला वेग दिला, हे म्हणता येईल. एकट्या संपानं केलं, हे म्हणायला पुरावा लागेल.

दुसऱ्या बाजूलाही तेवढंच कठोर व्हायला हवं. दवाखान्याची पद्धत युनियनमध्ये आली तशी तिची मर्यादाही आली. दवाखान्यात निर्णय एकटा डॉक्टर घेतो. पेशंट विश्वास ठेवतो, उलटतपासणी करत नाही. अडीच लाखांच्या संपात माघार कधी घ्यायची, काय पदरात पाडून थांबायचं, हे ठरवायला गिरणीगणिक मजबूत दुसरी फळी लागते. एका माणसाच्या शब्दावर उभा राहिलेला संप त्या माणसाला थांबवताही आला नाही, असा आरोप अभ्यासक करतात आणि तो सहज झटकता येत नाही. १६ जानेवारी १९९७ ला पवईतल्या घराजवळ सामंतांवर गोळ्या झाडून त्यांचा खून झाला. त्यांच्यानंतर त्या ताकदीचा नेता त्यांच्या संघटनेतून पुढं आला नाही, यावरूनही या आरोपाचं वजन कळतं.

हुपरीतून बघताना

मुंबईचा हा विषय आपल्या भागातल्या विद्यार्थ्यानं का घ्यावा? कारण त्याची दुसरी बाजू आपल्याकडं आहे. गिरण्यांच्या कामाचा मोठा वाटा यंत्रमागांकडं गेला आणि यंत्रमागाचं मोठं केंद्र आपल्या शेजारचं इचलकरंजी. मुंबईत निदान एक गेट होतं, ज्याच्यासमोर उभं राहून घोषणा देता यायच्या. यंत्रमागात काम छोट्या छोट्या शेडमध्ये विखुरलेलं.

हुपरीच्या चांदीच्या धंद्यात तर गेटच नाही. चांदी वितळवणं, तार ओढणं, कड्या जोडणं, पॉलिश करणं ही कामं वेगवेगळ्या घरांत होतात, बरीचशी मजुरीवर. पैंजण एकच, पण तो चार-पाच हातांतून जाऊन तयार होतो. धूर, आम्ल, वाकून बसण्यानं धरलेली पाठ, हे सगळं आपापल्या घरात. घरी बसून काम करणारी बाई कामगार की मालकाच्या घरची माणूस, हेच आधी ठरवावं लागतं. तिचं दुखणं बघतो तो पुन्हा गावातला डॉक्टरच. तिच्या वतीनं मजुरीच्या दराबद्दल कोण बोलणार? आमदार, व्यापाऱ्यांची संघटना, की तिची स्वतःची युनियन? २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत वाटाघाटीसाठी एका युनियनला मान्यता देताना ५१ टक्के कामगारांचा आधार हा निकष ठेवलाय. पण तो निकष आस्थापनेतला. जिथं आस्थापनाच घराघरांत वाटलेली आहे, तिथं टक्के कशाचे मोजणार? सामंतांच्या आयुष्यातला प्रश्न असा आपल्या गल्लीपर्यंत येतो.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा

अशा विषयावर काम करायचं असेल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, विधिमंडळाचं कामकाज वाचा. आमदाराच्या चरित्रात सभागृहातली भाषणं आणि विचारलेले प्रश्न हा सर्वात कमी वापरला जाणारा पुरावा असतो. भाषणात काय मागितलं आणि रस्त्यावर काय मागितलं, हे समोरासमोर मांडा. फरक दिसला तर तुमचा एक प्रकरणाचा ऐवज झाला.

दोन, कायद्याचं मूळ कलम वाचा, त्यावरचा लेख वाचून थांबू नका. 'प्रातिनिधिक युनियन' या दोन शब्दांनी किती माणसांचं आयुष्य बांधलं गेलं, हे आत्ता पाहिलंच.

तीन, मौखिक इतिहास गोळा करा. गिरणगावच्या कामगारांच्या आठवणी मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी नोंदवून ठेवल्यात. पण गावाकडं परतलेल्यांचं बोलणं गावातच जाऊन ऐकावं लागेल. ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे, तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका. मुलाखत घेताना संप बरोबर की चूक, असं विचारू नका, त्याचं उत्तर पाठ झालेलं असतं. संपाच्या तिसऱ्या महिन्यात घरात धान्य कुठून आलं, असं विचारा.

चार, तुलना निवडताना कारण द्या. मेहता आणि सामंत एका कॉलेजशी जोडलेले म्हणून त्यांची तुलना काही सांगून जाते. दोघंही डॉक्टर आणि दोघंही आमदार, एवढ्यावर केलेली तुलना टिकणार नाही.

आता शीर्षक परत लिहू. 'डॉ. दत्ता सामंत यांचे जीवन व कार्य' हे खोडा. त्याजागी लिहा: 'विश्वास, मत आणि मान्यता: डॉ. दत्ता सामंत यांच्या कारकिर्दीतून दिसणारे कामगार प्रतिनिधित्वाचे प्रश्न, १९७२ ते १९८४.' माणूस तोच, पुरावेही बरेचसे तेच. पण या शीर्षकावर समितीनं विचारलं, "यात संशोधन कुठंय?" तर उत्तर द्यायला तुमच्याकडं काहीतरी असेल.